आतून मारलेली जाळी

१

कबुतरांवरचे सगळे उपाय आमच्या घरी करून झाले होते. गच्चीवर चमकत्या पट्ट्या बांधल्या, थाळ्या बडवल्या, शेवटी मी बाजारातून प्लॅस्टिकचं एक घुबड आणून पाण्याच्या टाकीवर बसवलं. तिसऱ्या दिवशी एक कबुतर त्या घुबडाच्या डोक्यावर बसून ऊन खात होतं. आमची ही तेव्हा अजून हसू शकत होती. ती इतकी हसली की हसण्याचा खोकला झाला, आणि तो खोकला पुढे आठ महिने थांबला नाही.

घर चौथ्या मजल्यावर, वर फक्त गच्ची. कोपऱ्यातली खोली हिची. तिथे तिचं शिलाईमशीन, एक पलंग, एक मोठी खिडकी. खिडकीवर छज्जा, आणि छज्ज्यावर कबुतरांचा भरला संसार. खिडकी उघडली की पिठासारखी बारीक धूळ आत यायची आणि शिवायला घेतलेल्या कापडावर बसायची. मशीन दहा टाके चालायचं आणि थांबायचं, ही खोकायची, मग पुन्हा दहा टाके. खाली माझ्या कारखान्यात लोखंड कापताना मला ते थांबणं ऐकू यायचं. चार मजले मध्ये असताना ते कसं ऐकू येईल म्हणा, पण यायचं.

डॉक्टर आमच्या गल्लीतलेच. माणूस तुटक, पण खोटं न बोलणारा. त्यांनी हिची छाती तपासली, मला बाहेर नेलं आणि म्हणाले, "यांच्या फुप्फुसांना कबुतरांची घाण सोसत नाही. औषध मी देतो, पण कबुतरं काही मी हाकलू शकत नाही. आणि उशीर झाला तर औषधाचाही उपयोग व्हायचा नाही."

"किती उशीर?" मी विचारलं.

"तुम्ही जाळ्या करता ना? मग मला कसले प्रश्न विचारता, कामाला लागा."

२

चाळीस वर्षं मी खिडक्यांना जाळ्या आणि ग्रिलं बसवतोय. बाहेरच्याला बाहेर ठेवायचं, हा माझा धंदा. आतल्याला आत ठेवायचं काम तोवर कधी केलं नव्हतं, पण लोखंडाला त्यातला फरक कुठे कळतो!

पिंजरा मी गच्चीवरच केला. चार फूट लांब, तीन फूट रुंद, कमरेला लागेल इतका उंच. लाकडी रिपांची चौकट आणि तिच्यावर जाळी. खरी करामत दारात असते. दाराच्या वरच्या आडव्या सळीला दोन-दोन बोटांच्या अंतराने उभ्या तारा लोंबत सोडायच्या आणि खाली लाकडाचा उंबरठा असा ठेवायचा की तारांची टोकं त्याला आतल्या बाजूने टेकतील. बाहेरून पक्ष्याने डोकं घातलं की तारा आत झुलतात, पक्षी आत जातो, तारा मागे परत खाली येतात. आतून ढकलल्या तर त्या उंबरठ्यालाच अडतात. कडी नाही, कुलूप नाही. दार कायम उघडंच आहे असं पक्ष्याला वाटतं, आणि एका बाजूने ते खरंही असतं.

जाळी कुठल्या बाजूने मारायची, यात आमच्या धंद्यात चूक चालत नाही. जोर जिकडून येणार तिकडून जाळी मारायची, म्हणजे ती चौकटीवर दाबली जाते आणि खिळे सुटत नाहीत. खिडकीला चोराचा जोर बाहेरून, म्हणून जाळी बाहेरून. पिंजऱ्याला आतून. माझ्या उस्तादाने पहिल्या आठवड्यात मला हे शिकवलं होतं, आणि शिकवताना कानही पिळला होता.

पिंजरा झाल्यावर जाळी उरली. हात चालू होताच, तर त्याच दिवशी मी हिच्या खिडकीचीही चौकट करून टाकली, म्हणजे खिडकी उघडी ठेवता येईल आणि पक्षी आत येणार नाही. हवा खेळावी म्हणून खोलीचं जुनं लाकडी दार काढलं आणि तिथे स्प्रिंगचं जाळीचं दार लावलं. संध्याकाळपर्यंत माझी कंबर धरली होती. ही पलंगावरून सगळं बघत होती.

"अहो, मला कोंडताय की त्यांना?" ती म्हणाली.

"दोघांनाही. म्हणजे भांडणच नको."

ती हसली. हसताना तिने छातीवर हात दाबून धरला होता.

३

पिंजऱ्यात पहिलं कबुतर पडायला पाच दिवस लागले. पण एकदा एक आत बसलं की पुढचं सोपं असतं. त्या एकाला तिथेच ठेवायचं. त्याला सावली करायची, दाणे घालायचे, रोज सकाळी ताजं पाणी ठेवायचं. ते आत निवांत टिपत बसलेलं दिसलं की बाहेरच्यांची भीती जाते. मी ज्याला ठेवलं तो मानेवर हिरवी झाक असलेला गलेलठ्ठ नर होता. हिने त्याचं नाव मुकादम ठेवलं. माणसं गोळा करून आणतो तो मुकादम, आणि हा तर जागेवरून न हलता आणत होता.

रोज चार-पाच पडायची. तारांचा बारीक आवाज व्हायचा, टिण्, आणि खालून हिचा आवाज यायचा, "आलं बघा एक."

आठ-दहा जमली की मी त्यांना टोपलीत घालून स्कूटरवरून गावाबाहेरच्या जुन्या खाणीवर सोडून यायचो. मारायला मन धजेना. पण तिथे एक गोष्ट मला चमत्कारिक वाटायची. टोपलीचं झाकण काढलं तरी ती उडायची नाहीत. आकाशाखाली, उघड्या टोपलीत, एकमेकांना चिकटून बसून राहायची आणि माझ्याकडे बघायची. मला टोपली उलटी करावी लागायची.

"सवय लागते," ही म्हणाली. "आपण नाही का, सुट्टीच्या दिवशी सुद्धा सकाळी उठून बसतो."

४

तीन आठवड्यांत छज्जा रिकामा झाला. हिचा खोकला त्याआधीच कमी होत चालला होता. एका दुपारी मी कारखान्यात काम करत होतो आणि एकदम लक्षात आलं की मशीन मघापासून चालू आहे, थांबलेलंच नाही. मी हातातलं टाकून चार मजले चढून वर गेलो. ही खिडकीशी बसून एक लांबच लांब पांढरं कापड शिवत होती. पडद्यासारखं आत आलेलं ऊन तिच्या खांद्यावर होतं. मी दारातच बसलो आणि अक्षरशः रडलो. लाज कसली त्यात?

"जेवणाचं बघतो तुझ्या," मी डोळे पुसत म्हणालो. आजारपणात स्वयंपाक माझ्याकडेच आला होता.

"जेवले की मी."

"कधी? मी तर आत्ता वर येतोय."

"जेवले ना," ती म्हणाली आणि टाका घालू लागली. पलंगाशेजारी तिची थाळी होती, चाटूनपुसून स्वच्छ. पाण्याचा तांब्या काठोकाठ भरलेला होता.

स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर भांड्यांना कुणी हातही लावला नव्हता. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई आणून देत असतील, असं मी धरून चाललो. चार दिवसांनी त्या जिन्यात भेटल्या तेव्हा मी आभार मानले. त्या म्हणाल्या, "कसले आभार? मी तर महिनाभर लेकाकडे होते, आज सकाळी आले."

मग मी मनाची समजूत घातली की ही स्वतःच उठत असेल आणि मला कौतुक वाटावं म्हणून सांगत नसेल. तांब्यावर मात्र मी नजर ठेवू लागलो. सकाळी कामावर जाताना तो अर्धा असायचा. दुपारी येऊन बघावं तर काठोकाठ, आणि पाणी गार, नुकतंच ओतल्यासारखं.

५

हिची मोठी बहीण दोन दिवसांसाठी म्हणून आली. तिला सगळे माई म्हणतात. माई म्हणजे एका जागी पाच मिनिटं न टिकणारी बाई. कुणाच्याही घरी गेली की आधी पातेली उलटीपालटी करणार, मग माळ्यावर चढणार. आल्या आल्या मला म्हणाली, "भाऊजी, घराचा उकिरडा केलाय तुम्ही. आधी हिला बघते, मग तुमच्याकडे वळते."

ती हिच्या खोलीत गेली आणि माझ्याकडे काही वळली नाही. दोन दिवसांचे नऊ झाले. पलंगाच्या कडेला भिंतीला टेकून बसायची, हात मांडीवर, चेहरा शांत. मी दारातून विचारलं, "माई, घरी वाट बघत असतील ना?"

"असतील," ती म्हणाली. "बरं वाटतंय हो इथे. हवा किती छान आहे."

मी तिला बाहेर चहाला बोलावलं. ती उठली, दारापर्यंत आली, जाळीच्या दाराला तिने हात लावला आणि ढकललं. दार हललं नाही. तिने दुसऱ्यांदा ढकललंही नाही. कसलाच राग न येता परत जाऊन बसली.

"अहो माई, ते तुमच्याकडे ओढायचं," मी म्हणालो. तेव्हा कुठे माझं दाराकडे लक्ष गेलं; थाळी देताना मी ते पायाने अडवून धरायचो, म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. चाळीस वर्षांत मी लावलेलं प्रत्येक जाळीचं दार बाहेर उघडतं. हे आत उघडत होतं. आतल्या बाजूला कडी नव्हती, मूठ नव्हती, ओढायला बोट अडकेल असं काहीसुद्धा नव्हतं.

६

दमल्यावर हातून चुका होतात. कंबर मोडली होती, दिवसभर पिंजऱ्याच्या दाराचंच डोक्यात होतं, हाताने तेच गिरवलं. मी स्वतःला असं सांगितलं, आणि ते खोटंही नसेल. पण मग मी दारात स्टूल अडकवून आत गेलो आणि खिडकी पाहिली.

जाळी आतून मारली होती.

चौकट करताना ती मी बाहेरच्या अंगाला ठोकली असणारच, आणि बसवताना चौकट उलटी बसवली असणार. नवखा सुद्धा करणार नाही अशी चूक. बोटाने जाळी चाचपून पाहिली. खिळे एकसारखे, पट्ट्या सरळ, काम माझंच. या खोलीतून जो जोर लागेल तो अडवायला केलेलं, आणि चांगलं केलेलं.

"काय बघताय एवढं?" हिने विचारलं.

"उलटी बसली आहे. सरळ करतो."

"राहू द्या ना," ती म्हणाली. माईही म्हणाली, "राहू द्या." दोघींचा सूर एकच होता.

डॉक्टर त्याच दुपारी हिला तपासायला आले. नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. "विश्वास बसत नाही," असं स्वतःशीच म्हणाले. "ही छाती कधी आजारी होती असं वाटतच नाही." मग त्यांनी पाणी मागितलं. तांब्यातलं पाणी प्यायले, खुर्चीवर बसले, खिडकीकडे बघितलं. घड्याळाकडे बघायची त्यांची सवय साऱ्या गल्लीला ठाऊक होती. त्या दिवशी त्यांनी ते एकदाही पाहिलं नाही. शेवटी मीच आठवण केली आणि दार माझ्याकडून ढकलून धरलं, तेव्हा ते गेले. दुसऱ्या दिवशी न बोलावता आले. तिसऱ्या दिवशी आले ते उठलेच नाहीत.

७

दारात पुन्हा स्टूल अडकवून, स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी खिडकीशी उभा राहिलो. तिघंही माझ्याकडे बघत होती, पण कुणी अडवलं नाही. चौकटीला चार स्क्रू होते. पहिला काढला. दुसरा काढला. चौकट एका बाजूने बोटभर सुटली आणि बाहेरची हवा त्या फटीतून आत आली.

ही खोकली.

एकदाच. मग पुन्हा, मग सलग, तो जुना, आतून खरवडणारा खोकला, आणि त्याच्या मागे श्वासच येईना. तिचे ओठ निळे पडले. मी तिला उचलून दाराकडे न्यायला लागलो तर उंबरठ्याशी तिचं अंग ताठ झालं आणि डोळे वर गेले. माई आणि डॉक्टर जागचे हलले नाहीत. डॉक्टर! माणूस समोर गुदमरतोय आणि हा हात मांडीवर ठेवून बघतोय.

मी तिला पलंगावर ठेवलं आणि धावत जाऊन दोन्ही स्क्रू परत पिळले. घाईत एक स्क्रू तिरका गेला. शेवटचा आटा बसला तसा तिचा श्वास खाली आला, सावकाश.

"मला वाटलं होतंच," ती म्हणाली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. "चिडू नका. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत."

८

त्यानंतर मी गच्चीवर जायचा कंटाळा करू लागलो. पण पिंजऱ्यातल्यांना पाणी द्यायला हवंच. मी वर गेलो की माझी सावली पिंजऱ्यावर पडायची आणि सगळी कबुतरं एका झटक्यात माझ्याकडे तोंड करून मागच्या कोपऱ्यात दबायची. मी वाटी भरली, हात बाहेर काढला की पुन्हा मोकळी व्हायची. त्यांचं ते दबणं आजवर मला दिसलंच नव्हतं. आता दिसायला लागलं.

शुक्रवारी दुपारी मी थाळी घेऊन जाळीच्या दाराशी उभा होतो. बाहेर ढग नव्हता, गल्लीत ऊन पांढरं पडलं होतं. आत तिघं बसली होती. ही कापडाची घडी घालत होती, माई डोळे मिटून, डॉक्टर खुर्चीवर.

अचानक तिघांनीही माना वळवल्या. एकाच वेळी, एकाच बाजूला, खिडकीकडे. मग तिघंही मागे सरकली आणि भिंतीला लागून दबली. हिच्या हातातली घडी सुटली.

खिडकीतला उजेड वरून खाली जात गेला. काहीतरी हळूहळू वाकल्यावर जसा जातो तसा. चौथा मजला. बाहेर उभं राहायला वीतभर जागा नाही, छज्जासुद्धा खिडकीच्या वर आहे. कुणी गच्चीवरून ताडपत्री सोडली असेल, असं माझं डोकं म्हणालं, आणि म्हणत राहिलं. खोलीत संध्याकाळ झाली. तांब्यापाशी काहीतरी आलं. मी ते पाहिलं असं मी म्हणणार नाही, मी मान खाली घातली होती. एवढंच कळलं की ते घाईत नव्हतं आणि फार जपून वागत होतं, आतल्यांना उगाच घाबरवू नये म्हणून.

पाणी ओतल्याचा आवाज आला. मग उजेड खालून वर परत आला.

"जेवण ठेवा तिथेच," ही नेहमीच्या आवाजात म्हणाली. "भूक नाही आता."

मी धावत गच्चीवर गेलो. तिथे कुणीच नव्हतं. ताडपत्री नव्हती. कबुतरं कोपऱ्यात दबलेली होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

९

शनिवारी सकाळी खोलीत ही एकटी होती.

"माई कुठे आहे? डॉक्टर?"

"नेलं," ती म्हणाली.

जाळीच्या दाराला आतून मूठ नव्हती आणि बाहेर मी स्वतः रात्रभर खुर्ची टाकून बसलो होतो, पहाटे डोळा लागला तेवढाच. माईच्या घरी फोन केला तर तिचा मुलगा म्हणाला, "काका, आईला म्हणावं आता पुरे झालं माहेर, तुमच्याकडून हलतच नाही ती." मी काहीतरी पुटपुटलो. दवाखान्याला कुलूप होतं आणि बाहेर रोगी एकमेकांना विचारत होते. मी परत येऊन जाळीला कपाळ टेकून बसलो. पलीकडे ही बसली.

"तुला का ठेवलं?" मी विचारलं. विचारताना उत्तर मला माहीत होतं, कारण मुकादमाला रोज पाणी मीच घालत होतो.

तिने डॉक्टरांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आज लेक येणार आहे."

मी विसरलोच होतो. आमची मुलगी दुसऱ्या गावी असते, सातवा महिना चालू होता तिचा. आई बरी झाली हे ऐकून फोनवर नाचली होती. दुपारच्या गाडीने यायची होती.

"तिला आत येऊ देऊ नका," ही म्हणाली. "मी बोलावीन. पण माझं ऐकू नका."

"मग नको ना बोलावूस!"

"खोकला थांबवता येत होता का मला? तसंच आहे हे. आतून येतं." तिने जाळीतून बोट बाहेर काढून माझ्या बोटाला लावलं. बोट गरम होतं, माझ्या बायकोचंच होतं. "अहो, मी तिला फार प्रेमाने बोलावीन. तेव्हाच सगळ्यात जास्त सांभाळा."

फोन लावला. लेकीने उचलला नाही. गाडीत असताना ती कधीच उचलत नाही.

१०

बेल वाजली तेव्हा मी आधीच दाराला पाठ लावून उभा होतो. दार फटीएवढं उघडलं.

"बाबा, हे काय? सरका ना, पिशवी जड आहे."

"आत येऊ नकोस. आईचं पुन्हा उलटलंय. लागण होते म्हणतात. तू दोन जिवांची आहेस बाळा, परत जा. खाली रिक्षा मिळेल."

"कोण म्हणतात? डॉक्टरांशी बोलते मी."

"डॉक्टर गावाला गेलेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या लहानपणीही मी तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो, त्यामुळे मला ते धड जमत नव्हतं. तेवढ्यात आतून आवाज आला, स्वच्छ, मोकळा, वीस वर्षांपूर्वीचा.

"कोण आलंय? आलीस का गं? ये ना, खोकला गेला बघ माझा. पोट बघू दे तुझं."

लेकीचा चेहरा फुलला. "बाबा, आई तर ठणठणीत बोलतेय!" तिने दार ढकललं. मी खांदा लावला. तिने पुन्हा ढकललं आणि मी तिला, सातव्या महिन्यातल्या माझ्या मुलीला, दोन्ही हातांनी जिन्याकडे मागे लोटलं आणि दार लावून घेतलं. कडी घातली.

तिने दार बडवलं. आधी "बाबा" म्हणून, मग "आई" म्हणून. आतून ही बोलावतच होती. तिच्यासाठी काय काय शिवून ठेवलंय ते सांगत होती, लहान लहान कपडे, मऊ कापडाचे. मी कान दाबून भिंतीशी बसलो. शेवटी बाहेरून रडवा आवाज आला, "याद राखा बाबा, पुन्हा पाऊल टाकणार नाही मी या घरात." मग पावलं खाली गेली. एक मजला, दुसरा, तिसरा. खाली रिक्षा सुरू झाली.

घरात सगळं शांत झालं. मी जाळीच्या दाराशी गेलो.

"गेली?" हिने विचारलं. तिचा चेहरा ओला होता.

"गेली."

"बरं केलंत. फार बरं केलंत हो."

मुकादमाच्या आधी पहिलं पडलेलं कबुतर मी आठवडाभर पिंजऱ्यात ठेवलं होतं. ते दाणे टिपायचं, पाणी प्यायचं, पण त्याला बघून एकही पक्षी आला नाही. तसल्याला कोण पोसणार? खाणीवर पहिली फेरी मी त्याच्यासाठी मारली होती.

खिडकीचा वरचा काठ काळा व्हायला लागला. हिने तिकडे पाहिलं आणि ती मागे सरकली, भिंतीपर्यंत, पाय पोटाशी घेऊन. मला ती एवढी लहान कधी दिसली नव्हती. कुणीच आलं नाही तर आज हिला नेतील. एक जरी आलं तर राहील, निदान पुढचं पाणी घालेपर्यंत.

"तुम्ही नका," ती म्हणाली, आणि त्याच श्वासात, त्याच गोड आवाजात, "या ना."

गच्चीवरच्या चपला अजून पायातच होत्या. मी त्या बाहेर काढून ठेवल्या आणि दार ढकललं. ते किती हलकं केलं होतं मी! मागे स्प्रिंगचा आवाज झाला. आत हवा खरंच छान होती. ती पलंगावर थोडी सरकली आणि तिने माझ्यासाठी जागा केली.